'द हेल्प' : लेखणी कोणाची?

कॅथरीन स्टॉकेट यांच्या 'द हेल्प' (२००९) या कादंबरीचे कथानक १९६२ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या जॅक्सन या राजधानीत सुरू होते. गोऱ्या कुटुंबांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय मोलकरणी आणि त्यांचे अनुभव गुप्तपणे शब्दबद्ध करणारी स्कीटर ही गोरी तरुणी, हा तिचा विषय. पोटचे मूल जिच्या कडेवर निःशंकपणे द्यावे, तिच्यासाठी शौचकूप मात्र वेगळा बांधावा, ही विसंगती लेखिकेने अचूक टिपली आहे.

परंतु या अनुभवलेखनाचा उगम पाहावा. ही कल्पना मुळात एबिलीन या मोलकरणीच्या दिवंगत मुलाची. एबिलीन स्वतःही आपल्या प्रार्थना वहीत लिहून काढते. म्हणजे लेखणी त्या घरात होतीच. तरी मजकूर छापखान्यापर्यंत पोहोचतो तो स्कीटरच्या हातून, आणि न्यूयॉर्कची नोकरीही तिलाच लाभते. 'बलुतं'पासून (१९७८) दलित आत्मकथने वाचत आलेल्या मराठी वाचकाला ही मध्यस्थी खटकल्यावाचून राहत नाही.

इतिहासात अशा मध्यस्थाची वाट कोणी पाहिलेली दिसत नाही. याच जॅक्सनमध्ये, गुलामगिरी कायद्याने संपून काही महिनेच झाले असता, २० जून १८६६ रोजी कपडे धुणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी महापौरांना पत्र लिहून आपले दर कळविले : दिवसाला दीड डॉलर, कुटुंबाच्या धुण्याचे महिना १५, एकट्या माणसाचे १०. याहून कमी घेणारीला दंड करण्याचेही त्यांनी ठरविले होते. पुढे १८८१ मध्ये अटलांटातील धुणेवाल्या स्त्रियांनी संप केला. सुमारे २० जणींची संघटना तीन आठवड्यांत ३,००० वर गेली. मात्र १९३८ च्या किमान वेतन कायद्याने घरकामगारांना वगळले, आणि ती उणीव भरून निघायला १९७४ साल उजाडावे लागले.

२०११ मध्ये कादंबरीवर चित्रपट आला, तेव्हा कृष्णवर्णीय स्त्री-इतिहासकारांच्या संघटनेने खुले निवेदन काढले. घरकामातील लैंगिक छळ आणि मिसिसिपीतील संघटित चळवळ यांना येथे बगल दिली आहे, हा त्यातील आक्षेप मला रास्त वाटतो. मेडगर एव्हर्स यांची १९६३ मधील हत्या कादंबरीत येते. त्यांच्यामागची संघटना मात्र अंधूकच राहते.

अभ्यासकांनी हिच्याशेजारी ॲलिस चिल्ड्रेस यांचे 'लाइक वन ऑफ द फॅमिली' (१९५६) ठेवावे. तेथे मिल्ड्रेड ही मोलकरीण मार्ज या मैत्रिणीशी बोलते, आणि तू आमच्या घरातलीच आहेस म्हणणाऱ्या मालकिणीला तिने तोंडावर काय सुनावले, ते स्वतःच सांगते.