दंतपूरण

किडीने पोखरलेला किंवा तुटलेला दात कृत्रिम द्रव्याने भरून पूर्ववत करण्याची चिकित्सा. दाताच्या इनॅमल या कवचात जिवंत पेशी नसतात. त्यामुळे पडलेला खड्डा आपोआप भरून येत नाही. किडका भाग कोरून काढून पोकळी भरावी लागते.

पाऱ्यात चांदी, कथील व तांबे मिसळून केलेले अमाल्गम एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. ते स्वस्त व टिकाऊ. पण पकड बसण्यासाठी दाताचा निरोगी भागही कोरावा लागतो. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल खरबरीत करून त्यावर रेझीन हे प्लॅस्टिकसारखे द्रव्य चिकटवून दाखविले. दातांच्या रंगाचे, निळ्या प्रकाशाने घट्ट होणारे कॉम्पोझिट हे रेझीनयुक्त पूरण लोकांच्या नजरेत भरते. खरी क्रांती मात्र बुओनोकोर यांच्या या चिकटवण्यात आहे, कारण त्यामुळे पकडीसाठी निरोगी भाग फारसा कोरावा लागत नाही. अमाल्गममध्ये वजनाने सुमारे निम्मा पारा असल्याने पाऱ्याविषयीच्या २०१३ च्या मिनामाता कराराने त्याचा वापर घटविण्याचे धोरण स्वीकारले.

कीड दाताच्या मगजापर्यंत, म्हणजे आतल्या मऊ जिवंत भागापर्यंत पोहोचली की नुसते भरून भागत नाही. रूट कॅनाल उपचारात मगज काढून मुळांतील नलिका सोडियम हायपोक्लोराइटने धुतात आणि गट्टापर्चा या झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या द्रव्याने बंद करतात. ठणका थांबला म्हणून उपचार अर्धवट सोडणे धोक्याचे. मगज मेल्यावरही ठणका थांबतो, मुळाशी जंतुसंसर्ग मात्र चालूच राहतो. रूट कॅनाल उपचार केलेल्या दाढेवर शेवटी बहुधा धातूची किंवा सिरॅमिकची कॅप बसवतात, कारण आतून कोरलेली दाढ चावताना चिरफळू शकते.