धागा, राळ आणि सांचा



मातींत काड कालवून भिंत उभारण्याची युक्ति फार जुनी आहे. नुसती माती वाळली कीं तिला भेगा पडतात. काड तिला बांधून ठेवतें. प्लास्टिकच्या राळेंत बारीक धागे घालून वस्तु घडविण्याची विद्या याच तत्त्वावर उभी आहे. मात्र तिच्या इतिहासांत एका अडचणीनें आरंभापासून पाठ सोडलेली नाहीं. ती कोणती, तें पाहूं.

राळेच्या दोन जाती आहेत. पहिली भाजलेल्या विटेसारखी. एकदां घट्ट झाली कीं पुन्हां मऊ होत नाहीं. लिओ बेकलँड यांनीं १९०७ मध्यें शोधिलेलें बेकेलाइट या जातीचें. दुसरी लाखेसारखी, तापली कीं वितळते, निवली कीं घट्ट होते. हिला थर्मोप्लास्टिक म्हणतात. सेल्युलॉइड ही त्यांतलीच. तें सांच्यांत दाबून भरण्याच्या यंत्राचें पेटंट अमेरिकेंत हायट बंधूंनीं १८७२ सालीं घेतलें. पुढें वॉलेस कॅरोथर्स यांनीं १९३५ मध्यें नायलॉन बनविलें. १९३८ मध्यें कांचधागा करणारी ओवेन्स-कॉर्निंग कंपनी स्थापन झाली. आणि १९४६ मध्यें जेम्स हेन्ड्री यांनीं मळसूत्राचें सांचायंत्र तयार केलें. राळ, धागा व यंत्र हीं तिन्हीं अशा रीतीनें सिद्ध झालीं.

आतां ती अडचण. मळसूत्र फिरतांना राळ उत्तम वितळते, पण आंतील कांचधागे मोडतात. सुमारें ३ मिलिमीटरचे धागे घातले, तरी तयार वस्तूंत ते बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून आखूड उरतात. आखूड धागा ताण येतांच राळेंतून निसटतो. लांब धागा सांच्याच्या अरुंद वाटांतून सरकत नाहीं.

या कोंडींतून दोन वाटा निघाल्या. एकींत १० ते १२ मिलिमीटरचे अखंड धागे राळेनें वेढून दाणे करतात व मळसूत्र हलक्या हातानें चालवितात. दुसरींत धाग्यांच्या विणलेल्या कापडांत राळ मुरवून पत्रा करतात. तो तापवून सांच्याच्या दोन अर्धांमध्यें दाबतात. येथें धाग्याला वाहावें लागत नाहीं, म्हणून तो मोडत नाहीं. एअरबस ए-३८० हें विमान २७ एप्रिल २००५ रोजीं प्रथम उडालें. त्याच्या पंखांच्या पुढल्या कडेचा कांहीं भाग कांचधागा व पॉलिफेनिलिन सल्फाइड यांचा असून त्याचे सांधे राळच वितळवून जोडलेले आहेत.

वितळण्याच्या या गुणाचें मोल ट्राबांट मोटारीवरून कळतें. जर्मनींत झ्विकाउ येथें ती १९५७ पासून १९९१ पर्यंत बनत असे. तिच्या अंगाचे पत्रे कापसाचे तंतु व विटेच्या जातीची राळ यांचे होते. गाडी मोडींत निघाल्यावर ते वितळवून दुसरें कांहीं घडवितां येईना. लाखेच्या जातीची राळ पुन्हां सांच्यांत जाऊं शकते. मात्र प्रत्येक वेळीं दळतांना व वितळवितांना धागा अधिक आखूड होतो. राळ परत मिळते, धाग्याची लांबी मिळत नाहीं. म्हणून ही विद्या ज्यांच्या हातीं आहे, त्यांची खरी कसोटी वस्तु घडविण्याइतकीच ती मोडण्यांत लागणार आहे.