वलवणची वीज आणि वर्गातला पडदा

लोणावळ्याला लागून असलेल्या वलवणला धरण आले ते टाटांच्या जलविद्युत योजनेमुळे. कंपनी 1910 साली नोंदली गेली. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यात पायाभरणी केली आणि 1915 साली खोपोलीच्या वीजगृहातली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे धावू लागली. वलवण, लोणावळा आणि शिरोता या तलावांत मावळचा पाऊस साठवायचा, तो घाटाखाली पाचशे मीटरवर सोडायचा आणि त्या जोरावर जनित्रे फिरवायची, अशी ती रचना. त्या काळच्या हिंदुस्थानातला हा फार मोठा पराक्रम होता. पण मावळातल्या कित्येक वाड्यांमध्ये पहिला बल्ब पेटायला पुढे अनेक दशके जावी लागली.

शाळेतल्या तंत्रज्ञानाचा इतिहास या विजेच्या तारेपासूनच सांगायला हवा. दिल्लीहून निघालेल्या प्रत्येक योजनेने शाळेत वीज आहे असे धरले, आणि यंत्र हाताळणारा शिक्षक तयार आहे असेही धरले. जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला आज या दोन्ही गृहीतकांचा हिशोब येतो.

सुरुवात मात्र उत्तम झाली होती, हे आवर्जून सांगायला हवे. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असे वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून भारतातल्या सहा राज्यांमधल्या 2,400 खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचले. ‘साइट’ या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम असत. जिथे वीज नव्हती तिथे काही संच बॅटरीवर चालवले गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याच उपग्रहाचा उपयोग करून जवळपास पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण दिले गेले. त्याला पडद्यावरच्या पाठांसोबत रेडिओची, छापील साहित्याची आणि हाताने करायच्या प्रयोगांची जोड होती. पुढच्या पन्नास वर्षांतल्या बहुतेक योजनांपेक्षा ही आखणी शहाणपणाची होती. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता.

महाराष्ट्राची पाळी इन्सॅट या भारतीय उपग्रहांमुळे आली. 1984 साली पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था उभी राहिली आणि ‘बालचित्रवाणी’ या नावाने घराघरांत पोहोचली. आज चाळिशी ओलांडलेल्या मराठी माणसाला त्या कार्यक्रमाची सुरुवातीची धून सांगावी लागत नाही. कार्यक्रम मराठीतले, मराठी मुलांसाठी, पुण्यात तयार झालेले. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर केंद्राच्या मदतीने शाळांना रंगीत दूरदर्शन संच आणि रेडिओ-कॅसेट प्लेअर मिळू लागले. त्याच सुमाराला खडू-फळा मोहीम आली. तिने प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक, नकाशे, पृथ्वीगोल आणि विज्ञानपेटी देण्याचे ठरवले. म्हणजे एका हाताने साधा फळा पुरवायचा होता आणि दुसऱ्या हाताने उपग्रहाचे चित्र.

दोन्ही गरजा खऱ्याच होत्या. अडचण वेळापत्रकाची होती. प्रक्षेपण ठरलेल्या वेळी होई. वर्गात आज अपूर्णांक चालू आहेत की पावसाची कविता, याच्याशी त्याचा संबंध नसे. शाळा भरायच्या आधी कार्यक्रम संपला किंवा नेमकी तेव्हाच वीज गेली, तर गुरुजींच्या हाती काही उरत नसे. पाठ थांबवण्याची, मागे नेण्याची, पुन्हा दाखवण्याची मुभा शिक्षकाला मिळाली ती फार उशिरा. बालचित्रवाणी 2017 साली बंद करण्यात आली. मराठी बालशिक्षणातले इतके मोठे दृक्‌श्राव्य भांडार उभे करणाऱ्या संस्थेला राज्याने अशा रीतीने संपू द्यायला नको होते.

संगणकाची गोष्ट 1984-85 मध्ये सुरू होते. ‘क्लास’ या केंद्रीय प्रकल्पातून निवडक 250 शाळांना ब्रिटनमधले बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. पुढे डिसेंबर 2004 मध्ये ‘आयसीटी ॲट स्कूल’ ही मोठी योजना आली. महाराष्ट्रात ती टप्प्याटप्प्याने सुमारे 8,000 शाळांपर्यंत पोहोचली. खासगी कंपनीने प्रयोगशाळा उभारायची, पाच वर्षे चालवायची, संगणक शिक्षक नेमायचा आणि मुदत संपली की सारे शाळेच्या हवाली करायचे, अशी पद्धत होती. मुदत संपली तेव्हा संगणक शाळेत राहिले, शिक्षक मात्र घरी गेले. त्यांनी पुढे आंदोलने केली. कुलूपबंद खोलीतल्या यंत्रांवर धूळ बसली. करारात यंत्राची किंमत, हमी आणि संख्या नेमकी लिहिलेली असते. माणसाचे काय करायचे, हे मात्र मोघम सोडलेले असते. ही उणीव कुठल्या एका सरकारची नाही, ती योजनेच्या साच्यातच आहे.

मग जिथे काही घडले, तिथे काय वेगळे होते? ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पष्टेपाडा नावाचा छोटा पाडा आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने गावाला सोबत घेऊन डिजिटल वर्ग उभा केला आणि तो पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासननिर्णयानंतर गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टॅब घेतले गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून कविता ऐकण्याची आणि पाठ पाहण्याची सोय केली. ही कल्पना बालभारतीच्या पुस्तकांत आली. केंद्राच्या ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचाचा आणि पाठ्यपुस्तकांचा दुवाही आज अशा कोडांनीच जुळतो. 2020 साली डिसले यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली.

या दोन्ही ठिकाणी गरज आधी वर्गात उभी राहिली आणि साधन तिच्यामागून आले. म्हणूनच ते टिकले.

2020 सालाने सगळ्यांचीच परीक्षा घेतली. शाळा बंद होत्या. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ किनारपट्टी ओलांडून मावळात शिरले तेव्हा विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावे अंधारात गेली. राज्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे जाहीर केले होते. 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली आणि अनेक घरांत तिचाच आधार होता. आंदर मावळात किंवा राजमाचीच्या बाजूला मोबाइलला रेंज मिळवायची तर टेकडीवर चढावे लागे. तिथे शिक्षकांनी स्वाध्यायपत्रिका हातात घेऊन वाड्या पालथ्या घातल्या.

त्याच जुलैत नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. तंत्रज्ञानासाठी त्यात स्वतंत्र प्रकरणे आहेत, राष्ट्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान मंचाची कल्पना आहे, आणि प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. अपेक्षा रास्त आहे. पण शिक्षकांसाठीच्या केंद्राच्या ‘निष्ठा’ प्रशिक्षणाचे 18 अभ्यासक्रम दीक्षावर आले, तेव्हा अनेकांसाठी ते रात्री मोबाइलवर चित्रफिती पाहून प्रमाणपत्र मिळवण्याचे काम झाले. साइटमधल्या शिक्षकाने हातात चंचुपात्र घेऊन प्रयोग केला होता. इथे शिक्षकाच्या हातात फक्त पडदा राहिला.

आज शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून निवड होऊन मावळातल्या एखाद्या दोनशिक्षकी शाळेत आलेला शिक्षणसेवक पहिली तीन वर्षे मानधनावर असतो. 2023 पासून प्राथमिकला हे मानधन 16,000 रुपये आहे. वयाने लहान, मोबाइल सराईतपणे वापरणारा, म्हणून ‘सरल’ आणि ‘यू-डायस’ या सरकारी प्रणालींत शाळेची माहिती भरणे, शालेय पोषण आहाराची रोजची नोंद असे सगळे ऑनलाइन काम बहुधा त्याच्याकडेच येते. 2023 च्या अखेरीस मुलांची हजेरीही चॅटबॉटवर भरण्याची सूचना निघाली. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही राज्यातल्या शिक्षकांची घोषणा अशा कामांतूनच जन्मली. तंत्रज्ञानाला या तरुणांचा विरोध नाही. ते त्यातच वाढले आहेत. त्यांना हवा आहे तो पाठ बसवायला लागणारा वेळ.

आणि हवी आहे वीज. जिल्हा परिषदेच्या शाळांना अनेक वर्षे व्यापारी दराने बिले येत राहिली आणि थकबाकीपोटी कितीतरी शाळांचे मीटर तोडले गेले. समग्र शिक्षा योजनेत 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपयांचे संयुक्त अनुदान मिळते. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. उरलेल्या फार तर 9,000 रुपयांत खडू, दाखले, किरकोळ डागडुजी, बारा महिन्यांचे वीजबिल आणि बिघडलेल्या प्रोजेक्टरची दुरुस्ती बसवायची असते.