काडीचोर

शेजारचे काका वीस वर्षं आखातात इलेक्ट्रिशियन होते. एकदा मालवणच्या आमच्या घरी पंख्याचा कपॅसिटर बदलता बदलता म्हणाले, "थंय लायटीक कहरबा म्हणतत. माका सगळे कहरबाई म्हणीत." मी खाली शिडी धरून उभा होतो, ती हातातून सुटायचीच बाकी होती. हा शब्द मला ठाऊक होता, पण विजेचा म्हणून नव्हे.

फारसीत कहरुबा म्हणजे अंबर. व्हेलच्या उलटीचा नव्हे, झाडाचा चीक लाखो वर्षं गोठून झालेला पिवळा खडा. काह म्हणजे गवताची काडी, रुबा म्हणजे पळवणारा. दिलरुबा दिल पळवते, कहरुबा काडी. लोकरीवर घासला की काडी टुणकन येऊन चिकटते. अरबांनी शब्द उचलला आणि पुढे विजेलाच तो चिकटवला. (केहरवा ताल यातलाच असावा असं मी दोन दिवस छातीठोक सांगत होतो. तो कहार म्हणजे पालखीच्या भोयांवरून आला.)

ग्रीकांचा इलेक्ट्रॉनही अंबरच. १६०० साली गिल्बर्टने त्यावरून विशेषण घडवलं, पुढचं शाळेत झालंय. पण ग्रीक नाव बहुधा चकाकीवरून पडलं, फारसी नाव करणीवरून. संस्कृतातही तृणमणि आहेच. मग कोणी कोणाचं घेतलं? अभिमानी मंडळी म्हणणार, आपलं त्यांनी. मला उलट वाटतं. खडा बाल्टिककडून इराणमार्गे आला आणि नाव भाषांतरित होऊन सोबत आलं. अंबर ब्रह्मदेशातही मिळतं, हा आक्षेप चोख आहे. तरी मी हटत नाही.

या जुन्या नावात गंमत अशी की त्यात काडी आहे. काडीवर स्वतःचा भार नसतो. खडा जवळ आला की तिच्या एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण भार गोळा होतो. खड्यालगत क्षेत्र जोरकस, लांब गेलं की क्षीण. म्हणून जवळच्या टोकाची ओढ जिंकते. क्षेत्र सगळीकडे सारखं असतं, तर काडी नुसती वळून उभी राहिली असती. या ओढीला हर्बर्ट पोलने १९५१ मध्ये डायइलेक्ट्रोफोरेसिस असं जिभेला पीळ पाडणारं नाव दिलं.

आता काडीच्या जागी अर्धवाहकाची नॅनोतार ठेवा, केसाच्या हजारो पट बारीक. चिमट्यात धरणं शक्यच नाही. म्हणून द्रवात तरंगत ठेवतात आणि दोन धातूपट्ट्यांमध्ये व्होल्टेज लावतात. तार आपणहून येऊन पूल होते. २००१ मध्ये हार्वर्डच्या लीबर यांच्या गटाने इंडियम फॉस्फाइडच्या तारा अशा लावल्या. २०१० मध्ये दुसऱ्या एका गटाने १६,००० जागांपैकी ९८.५ टक्के जागी एकेकच तार बसवली. कोणी म्हणेल, तिथे उलटसुलट प्रवाह, अंबरावर स्थिर भार, नातं कसलं? पण क्षेत्राची दिशा उलटली की काडीची टोकंही उलटतात, ओढ तीच राहते.

सारख्या क्षेत्रातलं ते नुसतं वळणंही वाया गेलं नाही. तार किती चटकन वळते यावरून तिची वाहकता कळते, तारेला हात न लावता. आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुखांच्या गटाने दोन्ही टोकांना पकडलेली इंडियम आर्सेनाइडची तार खालून व्होल्टेजने खेचून तिची कंपनं मोजली. तंबोऱ्याची तार लावावी तशी.

मी घरी कंगव्यावर करून पाहिलं. जुलैत काही होत नाही, दमट हवेत भार गळून जातो. डिसेंबरच्या एका सकाळी, खोबरेल न लावलेल्या केसांवर घासल्यावर पेंढ्याची काडी आली एकदाची.

काकांना हे सगळं सांगितलं. म्हणाले, "किती व्होल्ट लायतत?"

"पाच-दहा."

"इतक्यात पंखो फिराचो नाय."