आठवा दिवस

माझी धाकटी मुलगी दीड महिन्याची असताना तिला अंगणवाडीत लस टोचून आणली, आणि त्या रात्री आमच्या घरी कोणाच्याही डोळ्याला डोळा लागला नाही. मांडीवर सुपारीएवढी गाठ, अंग तव्यासारखे तापलेले, आणि रडणे असे की शेजारच्या घरातला दिवा लागावा. नर्सबाईंनी सारे समजावून सांगितले होते: ताप येईल, हे औषध इतके थेंब द्या, गाठ चोळू नका. ते मला तोंडपाठ होते. पण मध्यरात्रीनंतर तोंडपाठ असलेल्या गोष्टींचा फारसा उपयोग होत नाही. पत्नी पोरीला खांद्यावर घेऊन ओसरीत येरझारा घालीत होती. वर्गात मुलांना जेनरचा धडा रंगवून सांगणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराच्याही मनात आले, की ही सुई टोचून घेतली नसती तर काय बिघडले असते?

तेवढ्यात माझी आई उठून आली. तिने आपली बाही वर सारली आणि दंडावरच्या रुपयाएवढ्या दोन वाटोळ्या खुणा सुनेपुढे धरल्या. "काहून घाबरते वं? मले त आठ दिस ताप होता. माही माय रातभर बसून राहे."

त्या आठ दिवसांचे पुढे मला वेडच लागले. मिळेल ते वाचीत गेलो.

देवीच्या रोगावरची लस हिंदुस्थानात प्रथम लागू पडली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी. ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या हातावर ती काढली होती. व्हिएन्नाहून निघालेली ती लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आली. बाटलीत भरून आणलेली लस उष्म्याने वाटेतच मरून जाई. ती जिवंत राहण्याची खरी जागा म्हणजे लेकराचे अंग. टोचल्यावर फोड येई, तो आठव्या दिवशी टपोरा भरे आणि त्यातले पाणी स्वच्छ असे. त्याच दिवशी तो फोडून ते पाणी पुढच्या मुलाच्या हातावर घालायचे. उशीर झाला की त्याचा पू होई. ॲनाच्या हातावरून आठवड्याभरात आणखी पाच मुलांना देवी काढल्या. मुलगी स्वभावाने शांत होती म्हणून हे साधले, असे तिला टोचणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. तिच्या आईला त्या आठवड्यात झोप लागली की नाही, याची नोंद मात्र माझ्या वाचनात आली नाही.

आता आईबापांच्या बाजूने पाहा. आठवा दिवस म्हणजे तापाचा ऐन भर. हात सुजलेला, काखेत अवधाण आलेले, पोर अंगाला हात लावू देत नाही. आणि नेमका त्याच दिवशी देवी काढणारा दारात उभा राहतो. तो पोराला बरे करायला आलेला नसतो, तर त्याच्या फोडातले पाणी दुसऱ्याच्या पोरासाठी न्यायला आलेला असतो. असे पाणी काढू दिले की आपल्या पोरातली शक्ती जाते, अशी लोकांची समजूत होती. ती खोटी होती. पण या हातावरून त्या हातावर जाताना उपदंशासारखा रोगही लेकराला जडू शकतो, ही भीती खरी होती. युरोपातही तसे घडले होते. कोणत्या जातीच्या पोराचे पाणी आपल्या पोरात गेले, हाही प्रश्न मग आलाच. (तो आपल्याकडे कोठे येत नाही?) शिवाय रोग म्हणजे प्रत्यक्ष माता. ती घरात आली की फोडणी बंद, दाराला कडुलिंबाचा टाळा. तिच्या आधी सरकारी माणसाने घरात यावे हे कोणाला रुचणार?

१८८० सालचा लसीकरणाचा कायदा मी वाचला तेव्हा चकित झालो. जेथे तो लागू होई तेथे मुलाला टोचून घेणे सक्तीचे, न नेल्यास दंड. पण त्यातच एक कलम असे की, सरकारी रिवाज माणसाच्या लशीचा असेल आणि आईबापांना जनावराची हवी असेल, तर ती जेथे मिळते तेथे एक रुपयापर्यंत फी भरून त्यांनी ती घ्यावी. आईबापांचे भय सरकारला ठाऊक होते असा याचा अर्थ. मात्र त्या भयातून सुटायची किंमत मजुराच्या चार-पाच दिवसांच्या कमाईएवढी होती.

पुढे वासराच्या अंगावर लस वाढवू लागले आणि हातावरून हाताची साखळी संपली. मग गाईचे काय, हा नवा आक्षेप निघाला. तो गांधीजींचाही होता. आरोग्यावरील लेखनात त्यांनी ही लस अमंगल मानली आहे. १९३०च्या आरंभी, दांडीयात्रेच्या तोंडावर, साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ येऊन तीन मुले दगावली. त्यांत पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगा होता. खरे त्यानंतर यात्रेत चालत गेले. लस टोचल्यानंतरच्या रात्री मी बसून काढल्या आहेत. ती न टोचल्यानंतरची रात्र कशी असते, हे मला खऱ्यांच्या घरावरून थोडेसे कळते आणि पुढे विचार करवत नाही.

गांधीजी १९३६ साली आमच्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला राहायला आले. तेथे त्यांची प्रकृती पाहणाऱ्या डॉक्टर सुशीला नय्यर १९६२ ते १९६७ या काळात देशाच्या आरोग्यमंत्री होत्या, आणि देवी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तीही १९६२ सालीच. गुरूला न पटलेली लस शिष्येच्या खात्याने गावोगाव नेली. याला कोणी विसंगती म्हणेल. मला तर तो शिष्येचा मोठेपणा वाटतो.

माझ्या आईच्या दंडावरच्या खुणा त्याच मोहिमेतल्या. तेव्हाचे हत्यार म्हणजे दांडीच्या टोकाला बसवलेली दातेरी चकती. ती कातडीवर टेकवून फिरवायची. जखम मोठी होई, पुष्कळदा चिघळे. देवीवाला सेलूत आला की बाया पोरांना धान्याच्या कोठीमागे लपवीत, असे आई सांगते. तिच्या आईने लपवले नाही, कारण तिची एक बहीण मातेतच गेली होती. दुटोकी सुई त्यानंतर काही वर्षांनी आली, जखम लहान झाली. १९७५ साली देशातली देवीची शेवटची रोगी आसामात सापडली. माझ्या पिढीच्या दंडावर ती खूण नाहीच. आमच्याकडे आहे ती क्षयाच्या लशीची.

त्या रात्री पहाटे चारच्या सुमारास पोरीचा ताप उतरला. सकाळी आठला गावातली आशाताई दारात उभी. तिने गाठ पाहिली, दूध पिते का, रडणे कसे होते, झटका वगैरे आला काय, हे विचारले, आणि असे काही झाले तर वेळ न घालवता दवाखान्यात न्या, म्हणून बजावले. हे सारे पाच मिनिटांत उरकले. आई खाटेवर बसून तिच्याकडे टक लावून पाहत होती. ती निघाली तेव्हा आई म्हणाली, "आता आठव्या दिशी येशीन काय वं?"

आशाताईला ते कळले नाही. ती म्हणाली, "नाई आजी, आता महिन्यानं. दुसरा डोस हाय."

महिन्यानंतर पत्नीने पोरीला नवे झबले घातले, लसीचे कार्ड पदराला बांधले आणि मला शाळेत जायला सांगून ती एकटीच अंगणवाडीकडे गेली. पहिली गाठ तोवर हाताला थोडी लागतच होती.