होकुसाईची लाट त्सुनामी नव्हे

कात्सुशिका होकुसाईने १८३१ च्या सुमारास केलेले कानागावाच्या समुद्रातील लाटेचे चित्र न पाहिलेला माणूस आज विरळा. लाकडी ठशांवरून छापलेले, जेमतेम २५ बाय ३७ सेंटिमीटरचे हे चित्र २०२४ पासून जपानच्या हजार येनच्या नोटेवरही आहे. ते त्सुनामीचे चित्र आहे, हा समजही तितकाच दूरवर पोचला आहे. तो चुकीचा तर आहेच, शिवाय चित्रातल्या माणसांवर अन्याय करणारा आहे.

आधी पूर्वपक्ष. तो पोरकट नाही. १७०३ आणि १७०७ च्या भूकंपांनंतर जपानच्या याच बाजूच्या किनाऱ्यावर समुद्र चालून आला होता, आणि अशा आठवणी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. चित्रातली लाट फुजी पर्वतालाही खुजे करते. खाली तीन नावा आणि त्यांत ओणवी झालेली माणसे. शिवाय २०११ मध्ये जपानी तटरक्षक दलाच्या एका जहाजाने समुद्रातच त्सुनामीचा चढ पार केल्याची चित्रफीत जगाने पाहिली आहे. मग होकुसाईने तेच रंगवले नसेल कशावरून?

फुजीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. जवळचे मोठे आणि दूरचे लहान, हे युरोपीय चित्रांतून जपानात आलेले तंत्र होकुसाईने इथे मुद्दाम ताणले आहे. लाटेची उंची फुजीवरून नव्हे, नावांवरून मोजायची असते. या ओशिओकुरी जातीच्या नावा साधारण १२ ते १५ मीटर लांब असत. त्या मापाने संशोधक ज्युलियन कार्टराइट आणि हिसामी नाकामुरा यांनी २००९ मध्ये लाटेची उंची १० ते १२ मीटर काढली. वादळी समुद्राला एवढी लाट अशक्य नाही. भूकंप कशाला हवा?

आता त्सुनामीचा स्वभाव पाहा. खोल समुद्रात तिच्या दोन माथ्यांमधले अंतर शंभराहून अधिक किलोमीटर असू शकते आणि उंची बहुधा मीटरभरही नसते. २६ डिसेंबर २००४ रोजी, भूकंपानंतर दोनेक तासांनी, हिंदी महासागरावरून जाणाऱ्या उपग्रहाने तिची उंची मोजली ती सुमारे ६० सेंटिमीटर. जिने किनाऱ्यांवर दोन लाखांहून अधिक बळी घेतले, ती भर समुद्रातल्या नाखव्याच्या पायाखालून गेली असती तरी त्याला कळले नसते. उथळ पाण्यात ती उंचावते, हे मान्य. तटरक्षक दलाचे ते जहाज किनाऱ्यापासून फार दूर नव्हतेच. पण तिथेही समोर आला तो पाण्याचा लांबरुंद चढ. होकुसाईच्या चौकटीत मोठी लाट, तिच्यापुढचा खळगा आणि फुजीच्याच आकाराची धाकटी लाट हे सगळे दोन-चार नावांच्या लांबीत मावते. शंभर किलोमीटरची लाट इथे कोंबायची कुठे?

पण माझा खरा भर नावांवर आहे. होकुसाईच्या मनात हा विषय तीस वर्षे घोळत होता. १८०३ च्या सुमाराच्या एका चित्रात त्याने उंच लाटेखालची नाव काढली. १८०५ च्या सुमारास पुन्हा तेच केले, आणि त्या दुसऱ्या चित्राच्या शीर्षकात तर लाटांतून वाट काढणारी ओशिओकुरी नाव थेट नोंदवली. या नावा इझू आणि बोसो द्वीपकल्पांकडून ताजी मासळी एदोच्या (आजच्या टोकियोच्या) बाजारात पोचवत. मासळी शिळी झाली की भाव गेला, म्हणून वेग हाच त्यांचा धंदा. प्रत्येक नावेत आठ वल्हेकरी. ते ओरडत नाहीत, उड्या टाकत नाहीत. वल्हे घट्ट धरून वाकले आहेत. एकही नाव लाटेला आडवी नाही. असल्या पाण्यात नाव आडवी झाली की उलटते, हे कोकणातला कुठलाही तांडेल सांगेल. ही बुडणाऱ्यांची धांदल आहे, की रोजच्या कामात कसलेल्या हातांची शिस्त? चित्र समोर ठेवून वाचकानेच ठरवावे.

त्सुनामी म्हटले की ही माणसे नुसती बळी ठरतात. त्यांचे कसब चित्रातून पुसले जाते. म्हणून संपादकांना विनंती: त्सुनामीच्या बातमीशेजारी हे चित्र छापू नका. छापायचेच असेल, तर खाली एवढेच लिहा: खवळलेल्या समुद्रातल्या मासळीच्या नावा.