चेसिस जुनी, साज नवा

गाडीचं आरसी बुक कधी सावकाश वाचून बघा. त्यात रंग असतो, आसनं किती ते असतं, रिकाम्या गाडीचं वजन असतं. पण नंबर दोनच गोष्टींचे असतात, चेसिसचा आणि इंजिनाचा. ज्या पत्र्याला आपण गाडी म्हणतो, ज्याला दसऱ्याला झेंडूची माळ घालतो, त्याला स्वतःचा नंबर नाही. सरकारनं नाव हाडाला लावलंय, कातडीला नाही.

आमच्या भागात हे कुणाला वाचून कळलं नाही. बैलगाडीनं ते आधीच शिकवलं होतं. खाली आख आणि चाकं, वर साटा. शेणखत वाहायचं असलं की साट्याच्या कडेनं तट्टे उभे राहत. जत्रेला बायापोरं न्यायची तर वर कमानी बांधून घोंगडं पसरत. साटा कुजला की सुतार नवा करून देई, चाकाची धाव झिजली की लोहार नवी चढवी. आमच्या दारात जिला 'आजोबांची गाडी' म्हणत, तिच्यात आजोबांच्या हातचा फक्त आख उरला होता. तरी ती आजोबांचीच गाडी होती.

मोटार आली तीही याच बांधणीची. दुसऱ्या महायुद्धात जीप जगभर पोचली. पुढे महिंद्रा कंपनीनं, जी १९४५मध्ये सुरू झाली होती, १९४९मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. ही जीप उघडून बघितली तर खाली शिडीसारखा सांगाडा. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. इंजिन, गिअर, पाटे, चाकं सगळी त्या शिडीला. बॉडी म्हणजे त्यावर रबराच्या गाद्या ठेवून बोल्टांनी आवळलेली पेटी. बोल्ट सोडले की पेटी वेगळी.

ट्रकचंही तेच. टाटांनी जर्मनीच्या डायम्लर-बेंझबरोबर १९५४मध्ये जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली. कंपनीतून बरेचदा नुसती चेसिस निघे. पुढं बॉनेट आणि काऊल, मागं सगळं उघडं. ड्रायव्हर लाकडी खोक्यासारख्या सीटवर बसून, तोंडाला उपरणं गुंडाळून, डोळ्याला गॉगल लावून ती शेकडो मैल चालवत नेत. अशा उघड्या चेसिसची रांग पुणे-नाशिक रस्त्यानं जाताना दिसली की आम्ही पोरं कडेला उभं राहून मोजायचो. मालक मग आपापल्या गावाजवळ बॉडी बांधून घेई. सुतार, लोहार, पत्रेवाला आणि शेवटी पेंटर. पेंटर मागच्या फळीवर मोर काढी आणि 'आईचा आशीर्वाद' लिही. एकाच कंपनीच्या दोन ट्रकांची तोंडं त्यामुळं कधी सारखी नसत.

आपली एसटी त्यातलीच. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर अशी पहिली गाडी धावली. पुढे महामंडळानं चेसिस विकत घ्यायची आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या आपल्या कार्यशाळांत बॉडी बांधायची अशी रीत पाडली. गेल्या दशकात तर अॅल्युमिनियमच्या जुन्या बॉड्या उतरवून त्याच चेसिसवर पोलादी बॉड्या चढवण्याचं कामही तिथं झालं. फळीवर बसून प्रवास करणाऱ्याला वाटतं गाडी नवी आली. खालच्या तुळया मात्र त्याच घाटातून आधीच कितीतरी वेळा गेलेल्या असतात.

जे एसटीनं कार्यशाळेत केलं, ते आमच्याकडं कडुलिंबाखाली होत होतं.

आमचा जुन्नर तालुका. नारायणगावला टोमॅटोचा मोठा बाजार, आळेफाट्यावरून ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण आणि पुढं वाशीचं मार्केट. संध्याकाळी माल भरायचा, रात्री घाट उतरायचा, पहाटेच्या आत गाळ्यावर पोचायचं. पोचायला उशीर झाला तर त्याच टोमॅटोला निम्मा भाव. आबांनी १९९६मध्ये जुनी पिकअप घेतली, ८८ सालचं मॉडेल, जीपच्या धाटणीचं. शेती दोन एकर, त्यातलं एक कोरडवाहू. घरातली दोन लग्नं आणि माझं कॉलेज शेतापेक्षा त्या पिकअपच्या भाड्यावर झालं.

दहा वर्षांत पत्रा खलास झाला. ओला भाजीपाला, युरियाची पोती, बाजारात नेलेल्या गाईम्हशींचं मूत आणि वरून माळशेजचा पाऊस. गंज खालून चढतो, दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. केबिनच्या फरशीतून पायाखालचा रस्ता दिसायला लागला. ड्रायव्हरकडचं दार सुतळीनं बांधलेलं. पण इंजिन अजून घाट ओढत होतं. नवी पिकअप घ्यायची तर पाच वर्षांचे हप्ते, आणि एक हंगाम टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागला की हप्ता थकलाच. सोसायटीचं कर्ज आधीचंच उभं होतं.

तेव्हा आबांनी मिस्त्रींना विचारलं. मिस्त्री तालुक्याच्या गावाबाहेर हायवेला बसत. सगळे त्यांना चाचाच म्हणत. कुठल्याशा अपघातात मागून चेपलेल्या नव्या पिढीच्या पिकअपचं धड केबिन कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळत होतं. ते आपल्या चेसिसवर बसेल का, एवढाच प्रश्न.

"बसंल का ते मागनं," चाचा म्हणाले. "आधी खालचं बघू. हाड शाबूत हाय का न्हाई?"

दोन दिवस त्यांनी पान्याला हात लावला नाही. सपाट कोब्यावर गाडी उभी केली. तुळयांच्या ठरावीक जागांवरून ओळंबा सोडला आणि तो टेकला तिथं खडूनं खूण केली. गाडी ढकलून बाजूला घेतली, तर जमिनीवर चेसिसचा नकाशाच उमटलेला. मग सुतळीनं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकं माप, आणि उलट बाजूनं दुसरं. दोन्ही मापं सारखी असतील तर शिडी काटकोनात आहे. फरक पडला तर कधीतरी मार बसून ती तिरकी झालीय. आमच्या गाडीची मापं जुळली. नंतर तारेच्या ब्रशनं गंज काढून पाट्यांचे हँगर जिथं बसतात तिथं त्यांनी हातोडीनं ठोकून आवाज ऐकला. तुळईला चीर जाते ती बहुतेक तिथंच. खणखणीत आवाज आला.

"बाबा, तुझ्या गाडीला कपडंच पायजेत," ते आबांना म्हणाले. "मणका चांगला हाय."

मग काम सुरू झालं. बॅटरीची तार सोडली. वायरिंग, रेडिएटरचे पाइप, हँडब्रेकची केबल, स्टिअरिंगचा जोड, ब्रेकचे पाइप एकेक करून सुटे केले. बॉडीचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. त्यांच्यावर रात्रभर डिझेल सोडून ठेवलं, तरी चार बोल्ट गॅसनं कापावे लागले. कडुलिंबाच्या फांदीवर भरवसा नव्हता म्हणून तीन पाइपांची तिकाटी उभारून चेनपुली लावली आणि जुनं केबिन वर उचललं. आई बघायला आली होती. उघडी चेसिस बघून म्हणाली, "ही तर बैलगाडीच की!"

नवं केबिन ठेवलं तेव्हा मागचे बोल्ट भोकांसमोर आले, पुढचे बोटभर सरकले. कोणी घाईचा कारागीर असता तर तुळईला वेल्डिंग मारून मोकळा झाला असता. चाचांनी नाही मारलं. तुळईला आडवं वेल्डिंग केलं की शेजारचं पोलाद तापून कमजोर होतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी चीर तिथूनच जाते. त्यांनी जाड पट्टीचे नवे ब्रॅकेट घडवले आणि ते तुळईला नट-बोल्टांनी आवळले. खाली नवे रबर.

खरी अडचण ब्रेकची होती. जुन्या गाडीचं पॅडल फरशीतून वर यायचं आणि त्याचं मास्टर सिलिंडर चेसिसला होतं. नव्या केबिनात पॅडल वरून लोंबणारं, सिलिंडर पुढच्या पत्र्याला, आणि त्यामागं व्हॅक्यूमचा डबा. डिझेल इंजिनाला तो व्हॅक्यूम आपसूक मिळत नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो. आबांना वाटलं, डबा राहू दे, पायात जोर आहे. चाचांनी पाना खाली ठेवला. "घाटात क्रेट भरून उतरताना पायाचा जोर कळंल. पंप आन, न्हाईतर केबिन परत ने." पंप आला. ब्रेकचे पाइप सगळे नवे टाकले. जुन्यातला एकही वापरला नाही.

कागदाचं काम त्याहून नाजूक. भंगारवाल्याकडून पावती घेतली, तीत ज्या गाडीचं केबिन तिचा नंबर लिहून घेतला. नाहीतर चोरीची गाडी कापली म्हणून पोलीस दारात उभे राहतात. आमच्या तुळईवरच्या नंबराला कुणी घासलंसुद्धा नाही. मोटार निरीक्षकानं त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली, अक्षरं उमटली ती आरसी बुकाशी जुळवली. गाडीचा प्रकार तोच, आसनं तेवढीच. वजनकाट्याची चिठ्ठी लावली, रंग बदलल्याची नोंद झाली. पांढरंशुभ्र तोंड घेऊन गाडी घरी आली तेव्हा आळीतल्यांना वाटलं आबांनी नवी घेतली. आबांनी कुणाला खोडून काढलं नाही.

पण त्याच वर्षी शेजारच्या वाडीतली एक वडापची जीपही चाचांकडं आली होती. मालकाला तिच्यावर लांब बॉडी चढवायची होती, म्हणजे आणखी सहा-सात माणसं बसतील. चाचांनी ओळंबा सोडला, सुतळी धरली. तिरकी मापं दीड इंचानं चुकत होती, आणि मागच्या हँगरजवळच्या चिरेवर कुणीतरी आधीच पट्टी मारून रंग दिलेला. मालक दुप्पट मजुरी देत होता. चाचा म्हणाले, "यात तुझी माणसं बसणार, माझ्या हातची बॉडी बसणार. न्हाई करत." त्यांच्या शेडमध्ये त्या महिन्यात दुसरं मोठं काम नव्हतं, हे मला माहीत आहे.

कायदाही याच वाटेनं चालत आला. मोटार वाहन कायदा १९३९चा होता, मग १९८८चा आला. त्यातलं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे. २०००मध्ये ते कडक झालं. आणि जानेवारी २०१९मध्ये, केरळातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येणार नाही. २०२१मध्ये जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण आलं. गावात यावर कुरकूर झाली. 'गरिबाची गाडी बघवत नाही' असं म्हणाले लोक. पण प्रत्येक शेडमध्ये ओळंबा सोडणारे चाचा नसतात. वेल्डिंगवर रंग मारणाराही कारागीरच म्हणवतो, आणि घाटात त्याचा हिशेब गाडीतली माणसं देतात. नियम त्या माणसांसाठी आहेत, एवढं मान्य केलं पाहिजे.

शिवाय गाड्यांची बांधणीच पालटली. मारुती ओम्नीसारख्या गाडीला वेगळी शिडी नसतेच, पत्रा हाच सांगाडा. तिथं कपडे बदलायचा प्रश्नच येत नाही, कातडी फाटली की हाडही मोडलं. पिकअप आणि ट्रक अजून शिडीवर आहेत, पण केबिन कंपनीतूनच बसून येतं. चाचांची मुलं आता टायरचं दुकान चालवतात. ओळंब्यानं चेसिस मोजणारा माणूस आमच्या पट्ट्यात आज मला दाखवता येणार नाही.

गावात यंत्र आलं ते शोरूममधून फार कमी वेळा. बहुतेकदा ते दुसऱ्याच्या हातचं आलं, आणि त्याच्यावर आपण आपल्या ऐपतीचा नवेपणा चढवला. त्याला कुणी जुगाड म्हणतं. पण चाचांच्या कामात सगळ्यात जास्त वेळ गेला तो नवं बसवण्यात नाही, जुनं मोजण्यात. जुगाडात आणि कारागिरीत फरक असेल तर तो त्या दोन दिवसांचा आहे.

आबांच्या पिकअपनं पुढं बारा वर्षं घाट उतरला. २०१९मध्ये पासिंगच्या वेळी तुळईच पातळ झालेली निघाली, तेव्हा आबांनी स्वतःच ती मोडीत दिली. केबिन अजून चांगलं होतं, ते पावतीसह संगमनेरकडचा एक गडी घेऊन गेला. इंजिन लोखंडाच्या भावानं गेलं. आरसी रद्द करायला तुळईचा नंबर असलेला तुकडा कापून द्यावा लागतो. गॅसनं कापलेला तो तळहाताएवढा तुकडा थंड झाल्यावर आबांनी धोतराच्या सोग्यानं पुसला, नंबर एकदा मोठ्यानं वाचला, आणि आरसी बुकाबरोबर पिशवीत ठेवला.